खरड छाटणीनंतरचं बेट

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘जोडीनं’. गाणारी जोडपी, दवाखाना चालवणारी जोडपी, एकाच पॅनेलमधून निवडून आलेली जोडपी बहुधा इतरांच्या वाट्याला गेली असणार. मी कळवलं की निफाड तालुक्यात द्राक्षबाग करणारं एक जोडपं आहे, दोघं दोर लावून कातळ चढतात आणि त्यापायी थायलंडच्या एका बेटापर्यंत जाऊन आले आहेत, त्यांच्यावर लिहिते. पलीकडून लगेच विचारणा झाली, “निफाडात चढायला आहे काय?”

विचारणा रास्त होती. निफाड म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या काठची काळी, खोल जमीन. ठेच लागावी असा दगडही इथे मुद्दाम शोधावा लागतो. खडक भेटतो तो विहिरीत. माती संपली की मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च. इथल्या शेतकऱ्याची कातळाशी ओळख आहे, पण ती वरून खाली जाणारी आणि खिशाला चाट लावणारी.

पाऊस उघडून हवा धुतली गेली, की मात्र गच्चीवरून उत्तरेला सातमाळेची रांग दिसते. धोडपची खाच लांबूनही ओळखू येते. चांदवडचे कातळमाथे दिसतात आणि रांग तशीच पुढे मनमाडच्या अंगाला अणकाई-टणकाईपर्यंत जाते. तो लहानपणापासून हे बघत आला. नाशिकला कॉलेजात असताना एका गिर्यारोहण गटाबरोबर जाऊ लागला आणि दोराला हात लागला तो तिथे. ती येवल्याकडची. लग्नानंतर अणकाईवर अगस्ती ऋषींच्या दर्शनाला गेले, तेव्हा शेजारच्या कड्यावर कुणीतरी दोरावर लटकलेलं तिने पाहिलं आणि विचारलं, “हे खाली चाललेत का वर?”

दोघांनी एकच अट घातली, नावं छापायची नाहीत. कारण सरळ आहे. सोसायटीचं पीककर्ज आहे, आणि गावात ‘कर्ज काढून परदेश फिरतात’ असं कुणी म्हणायला नको. प्रवासाचे पैसे तिच्या शिवणकामाचे होते, हे दर माणसाला कोण सांगत बसणार?

बागेचं कॅलेंडर, कातळाचं कॅलेंडर

शहरातल्या गिर्यारोहकाची अडचण रजेची असते. यांची अडचण बागेची आहे, आणि बागेकडे रजेचा अर्ज करता येत नाही.

माल उतरला, व्यापाऱ्याची शेवटची गाडी गेली, की एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेल जवळजवळ बोडका करतात. या छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीतच पुढच्या हंगामाचे घड ठरतात. डोळ्यात घड तयार होतो आहे की नुसतीच बाळी, याचा निकाल मे-जूनमध्ये लागून गेलेला असतो, फक्त तो दिसत नाही. म्हणून त्या काळात पाणी, खत, शेंडा मारणं, सबकेन करणं यात हयगय चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. मग डोळ्यांना पेस्ट, फेलफुटी काढणं, आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस. डाऊनी हा बुरशीचा रोग आला तर कोवळा घड दोन दिवसांत हातचा जातो, त्यामुळे रात्री अकरालाही ट्रॅक्टरवर ब्लोअर चालू असतो. मग डिपिंग, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी, थंडीची भुरी. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो आणि निफाड राज्यातलं सगळ्यात थंड ठिकाण म्हणून एक दिवस गाजतं. पुणे-मुंबईचे लोक फोटो मागवतात. पारा चार-पाच अंशांच्या खाली गेला की मणी तडकायची भीती, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सोडून जमिनीत ऊब धरायची. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत काढणी.

आता कातळाचं बघू. सह्याद्रीत दोर लावून चढण्याचे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीला संपतात. पावसाळ्यात कातळ शेवाळतो. उन्हाळ्यात तोच इतका तापतो की हात ठेववत नाही, वर आग्या मोहोळं बसलेली असतात. थोडक्यात, जगाला चढायला जाण्यासारखे जे चार महिने, ते द्राक्षवाल्याला डोळ्यात तेल घालून बसण्याचे. दोन्ही कॅलेंडरं एकमेकांवर ठेवली तर मोकळी जागा उरते दोनच. एक, डिसेंबरअखेरची: थिनिंग आटोपलेलं, मण्यात पाणी उतरायला लागलेलं, काढणीला अजून वेळ. दुसरी जुलै-ऑगस्टची: काडी पिकत आलेली आणि गोडी छाटणी लांब.

पहिल्या फटीत ते मनमाडजवळचा हडबीची शेंडी हा सुळका चढतात. दुसरीत बेट गाठलं. एवढं कळल्यावर मला त्यांचा सगळा प्रवास कळला असं वाटलं. हौस, धाडस वगैरे शब्द ऐकायला बरे. इथे मुळात पंचांग आहे.

हडबीची शेंडी

मनमाडहून दौंडकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी बसलेल्या कुणालाही हा सुळका माहीत असतो. मुठीतून वर काढलेला अंगठा दिसतो, म्हणून गिर्यारोहकांनी आणि प्रवाशांनी त्याचं नाव थम्स अप ठेवून दिलं. स्थानिक नाव हडबीची शेंडी. डोंगराच्या धारेवर शंभर फुटांच्या पुढे उठलेला एकटा कातळ.

डिसेंबरअखेरच्या एका रविवारी मी त्यांच्या गटाबरोबर अणकाईला गेले. दोघांखेरीज बरोबर नाशिकचे चौघं होते, त्यांतले दोघं पन्नाशी ओलांडलेले. पायथ्यापासून धारेपर्यंतची चढण घसाऱ्याची. तिथे सगळ्यांनी हेल्मेट घातली, मलाही घालायला लावलं. मी चढणार नव्हते, पण वरून सुटलेला दगड लेखक बघत नाही, असं पन्नाशीतले एक गृहस्थ म्हणाले.

आपला कातळ चढायला सोपा नाही, आणि त्याला कारण त्याची घडण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून दख्खनचं पठार झालं. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांनी भरलेले, मध्येच तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा. घट्ट थर उभे तुटतात आणि कडा तयार होतो. मऊ थर झिजतात, तिथे उतार आणि गवत. म्हणून सह्याद्रीचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. चढणाऱ्याच्या दृष्टीने या बेसॉल्टचा स्वभाव असा, की हाताला धारदार होल्ड भरपूर मिळतात, पण त्यातला कुठला डोंगराचा आणि कुठला नुसता टेकून ठेवलेला, ते धरल्याशिवाय समजत नाही. म्हणून धरण्याआधी तळहाताने थापटायचं. आवाज पोकळ आला की तो होल्ड सोडायचा. आमच्याकडे कलिंगड असंच घेतात.

आधी तो चढला. पुढे चढणाऱ्याला लीड म्हणतात. कमरेच्या हार्नेसला दोराचं टोक एट नॉटने बांधलेलं, खाली बिले देणारी, म्हणजे दोर सांभाळणारी, ती. चढत जायचं, कातळात ठोकलेला बोल्ट आला की त्यात क्विकड्रॉ, म्हणजे दोन्ही टोकांना चापाची कडी असलेली पट्टी, अडकवायचा, त्यात दोर टाकायचा, पुढे जायचं. शेवटच्या बोल्टच्या वर तो जितका गेला असेल, पडला तर त्याच्या दुप्पट खाली येणार, शिवाय दोर ताणला जाईल ते वेगळं. हे गणित मला तिने सांगितलं, वर बघत, माझ्याकडे मान न वळवता. तेवढ्या वेळात तिचा उजवा हात दोरावरून एकदाही सुटला नाही.

“ढील,” वरून आवाज आला. तिने हातभर दोर सोडला.

“अजून.”

“देतेय ना. क्लिप केलं का?”

“थांब.”

मग बराच वेळ काही नाही. वारा होता. एक जुना बोल्ट त्याला पसंत पडला नव्हता. त्याने तो हलवून बघितला, त्यात क्विकड्रॉ टाकलाच नाही, आणि शेजारच्या भेगेत दुसरी सोय करून पुढे गेला. पन्नाशीतले गृहस्थ माझ्याजवळ पुटपुटले, “हे आवडलं मला.”

जानेवारी २०२२ मध्ये याच सुळक्यावर उतरताना दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. चढणारा प्रत्येक जण ते जाणून असतो. त्या दिवशी कुणी तो विषय काढला नाही, पण उतरण्याआधी अँकर दोघांनी वेगवेगळा तपासला, पहिल्याने तपासल्यावर दुसऱ्याने परत. सुळका चढून झाला की माणूस सैल होतो, आणि बहुतेक काम तर उतरण्यातच उरलेलं असतं.

इथे माझं एक मत नोंदवते, ते या अंकाच्या विषयाला फारसं सोयीचं नाही. दोघांनीच जायची कल्पना फोटोत छान दिसते. प्रत्यक्षात दोरावर दोघंच असतील आणि एकाला काही झालं, तर दुसरा त्याच दोराला अडकलेला असतो: सोडता येत नाही, मदतीला पळता येत नाही. म्हणून हे दोघं शेंडीला कधीही दोघंच गेलेले नाहीत. तिसरा, चौथा माणूस लागतो, आणि खाली गावात कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवलेली असते.

धरणारी आणि चढणारी

त्याचं वजन तिच्याहून बरंच जास्त. लीड पडला की बिले देणारा हलका माणूस वर उचलला जातो. कधी थेट पहिल्या बोल्टपर्यंत जाऊन आपटतो. त्यामुळे ती पाठीमागच्या भक्कम दगडाला स्वतःला बांधून घेते. उलट बाजूही आहे. ती लीड करते तेव्हा खाली तो असतो, आणि त्याने दोर घट्ट धरून ठेवला तर पडल्यावर ती झोका घेऊन कातळावर जोरात आदळते. तेव्हा झटका बसायच्या क्षणी त्याने थोडी उडी घ्यायची असते, दोराला मऊपणा द्यायचा असतो. हे पुस्तकात वाचून जमत नाही. मुद्दाम पडून, पुन्हा पुन्हा पडून बसवावं लागतं. त्यांनी ते मुंबईतल्या एका कृत्रिम भिंतीवर बसवलं.

आता ती लीड करते हे मी सहज लिहून गेले, पण तिथपर्यंतचा रस्ता वाकडा आहे. निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचं जन्मगाव, १८४२ सालचा त्यांचा जन्म. नवऱ्याने बायकोला शिकवायला घ्यावं आणि घरातल्या बायकांनी नाकं मुरडावीत, हे सारं त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. रानड्यांचं कौतुक आपण करतो, करायलाच हवं. पण नवरा गुरू असला की शिष्येची काय गत होते, हा भाग तेवढा बोलला जात नाही. ती मला म्हणाली, “यांनी शिकवलं तेव्हा मी चढायला नाही शिकले ताई, यांचं ऐकायला शिकले. डावा पाय वर घे, तिथे नको, इथे धर. खाली आले की मला आठवायचंच नाही मी काय केलं.” मग एका शिबिरात तिला शिकवणारी बाई भेटली. ती काहीच सांगायची नाही. अडकलं की विचारायची, “तुला काय दिसतंय?” तिथून गाडी सुरू झाली.

त्यालाही खाली गप्प उभं राहायला शिकावं लागलं. ते जास्त अवघड गेलं असावं. मी विचारलं तेव्हा तो हसला आणि चहाचं बघायला आत गेला.

घरातलं भांडण कड्यावर न्यायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. नियम आहे म्हणजे तो मोडून झालेला असणार. कृत्रिम भिंत असो की कडा, जोडप्यांची भांडणं हा गिर्यारोहकांच्या चेष्टेचा कायमचा विषय. भीती वाटते तेव्हा माणूस सगळ्यात जवळच्या माणसावर ओरडतो, आणि इथे तो सगळ्यात जवळचा माणूस दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला असतो.

या क्षेत्रातलं मोठं जोडपं म्हणजे इटलीचे निव्हेस मेरोई आणि रोमानो बेनेत. आठ हजार मीटरच्या वरची चौदाही शिखरं जोडीने, आणि बाटलीतला ऑक्सिजन न वापरता, पूर्ण करणारं ते पहिलं जोडपं. २०१७ च्या मे महिन्यात अन्नपूर्णेवर त्यांचं चक्र संपलं. २००९ मध्ये कांचनजंगावर बेनेतची तब्येत अचानक ढासळली. सगळी शिखरं करणारी पहिली स्त्री कोण, अशी शर्यत तेव्हा ऐन रंगात होती आणि मेरोई त्यात पुढे होती. ती त्याच्याबरोबर परत फिरली. त्याला रक्ताचा गंभीर आजार निघाला, अस्थिमज्जा बदलावी लागली, दोन वर्षांहून अधिक काळ गेला. शर्यत दुसऱ्यांनी जिंकली. पुढे दोघं परत कांचनजंगावर गेले आणि माथा गाठून आले. मी हे सांगितलं तेव्हा आमची निफाडची ती म्हणाली, “मग? फिरणारच ना. खाली कोण बघणार होतं त्याच्याकडे?” तिला यात गोष्ट सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

कुठलं बेट, कधीचं बेट

बेट म्हटल्यावर नातेवाईकांनी अंदमान सुचवलं. अंदमानला माणसं पाण्यात उतरायला जातात, नाहीतर सेल्युलर जेल बघायला. तिथल्या बॅरन बेटावर देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे, तोही आपल्या कड्यांसारख्याच काळ्या लाव्ह्याचा. पण त्यावर पर्यटकाने पाय ठेवायची सोय नाही, बोटीतून बघायचं. लक्षद्वीप प्रवाळाचं, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. तिथे चढायचं तर नारळावर.

दोर घेऊन उष्ण कटिबंधातल्या समुद्रकाठी जाणारी जगभरची मंडळी थायलंडमध्ये क्राबीजवळ रायले आणि टोनसायला जातात. ते तांत्रिकदृष्ट्या बेट नाही, पण मागे चुनखडीचे एवढे उभे कडे आहेत की गाडीरस्ता पोहोचतच नाही, होडीनेच जावं लागतं. पाण्यातून थेट उठलेल्या भिंती, त्यांना लोंबणारे चुनखडीचे झुंबरासारखे खांब, खाली वाळू. काही ठिकाणी दोराशिवाय समुद्रावरच चढतात आणि पडले की पाण्यात पडतात. त्यासाठी भरतीची वेळ बघावी लागते, कारण ओहोटीला त्याच जागी पाण्याखालचे खडक वर येतात. आमच्या जोडप्याच्या मोबाईलमध्ये रायलेचे फोटो कित्येक वर्षं पडून होते. अडचण पुन्हा पंचांगाची. तिथला कोरडा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत. जुलैत तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्या कोकणासारखाच कोसळतो.

उत्तर सापडलं ते त्याच देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर. थायलंडची शेपटी दोन समुद्रांच्या मधली. पश्चिमेला अंदमानचा समुद्र, पूर्वेला थायलंडचं आखात, मध्ये डोंगर. आपल्याकडे जून-जुलैत मुंबई बुडते तेव्हा चेन्नई कोरडी असते आणि चेन्नईचा पाऊस ऑक्टोबर-डिसेंबरात येतो, तिथेही तसंच. आखातातल्या बेटांना खरा पाऊस झोडपतो तो वर्षाच्या अखेरीला. जुलैत सरी येतात, पण झड लागत नाही. या बेटांतलं कोह ताओ हे एकवीस चौरस किलोमीटरचं, आणि ते ग्रॅनाइटचं आहे. एकेकाळी तिथे राजकीय कैदी ठेवत. आज ते समुद्रात बुड्या मारायला शिकणाऱ्यांनी भरलेलं असतं, कातळावर येणारे थोडे.

हा शोध तिचा. हवामानाचं ॲप बागेच्या फवारणीसाठी तिच्याच फोनमध्ये असतं. जगातल्या कुठल्या ठिकाणी जुलैत पाऊस कमी, हे ती डाऊनीचा अंदाज बघता बघता चाळत बसायची.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने चुंफोन, तिथून बोट. पाठीवर दोन पिशव्या. साठ मीटर दोराचंच वजन चार किलोच्या आसपास भरतं, त्यावर हार्नेस, बूट, क्विकड्रॉ, हेल्मेट. मग कपड्यांना जागा राहत नाही. कपडे दोन जोड नेले, धुतले, वाळले नाहीत, तसेच घातले. दमट हवेचा हा पहिला धडा. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी तिने आग्रहाने नेली होती, कारण तिथल्या बऱ्याच पदार्थांत माशाचा रस असतो आणि तो माळकरी घरातला.

ग्रॅनाइटने दोघांची जिरवली, हे दोघंही कबूल करतात. बेसॉल्ट बारीक कणांचा, वर लवकर थंड झालेल्या लाव्ह्याचा. ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थंड होतो, त्याचे कण मोठे वाढतात, पृष्ठभाग किसणीसारखा होतो. वर उघडा पडला की कोपरे झिजून गोल गरगरीत शिळा राहतात, हंपीला आहेत तशा. धरायला धार नाही, खाच नाही. पायाच्या रबरावर आणि तळहाताच्या घर्षणावर विश्वास टाकून उभं राहायचं. ज्याची बोटं होल्ड शोधायला शिकलेली आहेत तो इथे अडाणी ठरतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या बोटांची सालं निघाली. तिची निघाली नाहीत. थिनिंगच्या कात्रीने आणि शिलाई मशीनने आधीच निबर झाली होती, असं ती म्हणते. तो म्हणतो, ती कमी चढली.

लहान शिळांवर दोर लागत नाही, खाली जाड गादी टाकतात. दुसऱ्याने मागे हात पसरून उभं राहायचं. झेलायचं नसतं, पडणाऱ्याची पाठ गादीकडे वळवायची असते. सकाळी लवकर चढायचं, दहानंतर शिळा तापतात आणि तळव्याला घाम सुटतो. मग मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड कितीही लावा. दुपारी पाण्यात बसायचं. संध्याकाळी पुन्हा. बेटावरचे रस्ते छपरासारखे उभे, भाड्याच्या स्कूटरवरून पडून हातापायाला पट्ट्या बांधलेले परदेशी जागोजाग. ती म्हणाली, कातळावर भीती नाही वाटली एवढी त्या स्कूटरवर वाटली. मागे बसून.

लोखंड, मीठ आणि ॲसिड

सह्याद्रीतला जुना बोल्ट गंजलेला दिसतो, निदान आपल्याला सावध तरी करतो. समुद्रकाठचं प्रकरण कपटी आहे. रायलेला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावले गेले आणि काही वर्षांतच हाताच्या जोराने तुटू लागले, तेही बाहेरून चकचकीत दिसत असताना. खारी हवा, उष्णता, ओल आणि धातूवरचा कायमचा ताण यांनी आतल्या आत बारीक भेगा पडत जातात. कॅरिबियन समुद्रातल्या केमन ब्रॅक बेटावरही हेच झालं. गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यावर इशारे दिले. उपाय निघाला टायटॅनियमचा: कातळात भोक पाडायचं, आत रासायनिक गोंद भरायचा आणि त्यात टायटॅनियमचा बोल्ट बसवायचा. महागडं काम. रायलेला ते बऱ्याच अंशी स्वयंसेवकांनी आणि वर्गणीतून केलं. म्हणून अशा ठिकाणी जाणाऱ्याने कडा किती सुंदर याच्या आधी विचारायचं, बोल्ट कसला आणि कधीचा. कोह ताओला हे दोघं जिथे बोल्ट बघून समाधान झालं नाही तिथे वरून दोर सोडून चढले, किंवा चढलेच नाहीत.

नायलॉनच्या दोराला मिठाचं पाणी वाळलं की आत खडे राहतात आणि धागे कापत राहतात. रोज गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायचा. बेटावर गोडं पाणी जपून वापरतात, त्यामुळे खानावळीच्या मालकिणीला दोर धुण्याचं कारण खुणांनी समजवावं लागलं.

पण त्यांच्या दोराला खरा धोका निफाडातच आहे, हे ऐकून मला गंमत वाटली. शेडमध्ये ठिबकच्या नळ्या साफ करायचं ॲसिड असतं, ट्रॅक्टरची बॅटरी असते. ॲसिडची नुसती वाफ किंवा एखादा थेंब नायलॉन खाऊन टाकतो आणि दोरावर डागही दिसेलच असं नाही. त्यामुळे घरातली सगळी अवजारं शेडमध्ये असली तरी दोर राहतो आतल्या खोलीत, गव्हाच्या कोठीवर, सुती पिशवीत. पहिल्या वर्षीचा दोर सासूबाईंनी गाय बांधायला काढला होता. गाय बांधलेला दोर कातळावर चालत नाही, म्हणून तो आता कायमचा गाईला.

सावड

जुलै मोकळा म्हणजे किती मोकळा? काडी पिकत असते, पानावर डाऊनी येऊ शकतो, बोर्डोची फवारणी चुकवता येत नाही. मजूर सांगितलेलं करतो, पण पान उलटून बघून आज फवारायचं की उद्या हे ठरवणारं माणूस लागतं. ते माणूस मिळत नव्हतं, म्हणून बेट कित्येक जुलै पुढे गेलं. पैशांनी अडलं नव्हतं तितकं याने अडलं.

शेवटी धाकटा दीर तयार झाला. त्याची जमीन शेजारीच, पीक कांदा. लासलगावच्या बाजारात भाव पडले की त्याचं तोंड महिनाभर उतरलेलं असतं आणि वर गेले की सरकार निर्यातीचं काहीतरी करील या धास्तीने उतरलेलं असतं. त्याने अट घातली, फुकट नाही. आमच्याकडे सावड ही जुनी पद्धत: तू माझ्या शेतात राब, मी तुझ्या. बेटावर जितके दिवस, तितके दिवस दोघांनी त्याच्या उन्हाळ कांद्याच्या लागवडीला यायचं, ऐन थंडीत, पहाटे.

मी डिसेंबरात शेंडीहून परतल्यावर मुक्कामाला त्यांच्याकडेच होते. दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं वाफ्यात वाकलेले. वाफे रात्री भिजवलेले, पाणी बर्फासारखं. आदल्या दिवशीच्या चढाईने त्याचे हात भरून आले होते, रोप बोटांत नीट धरता येत नव्हतं. जाऊबाई बांधावर हिशेब करत बसल्या होत्या.

“भाऊजी, आजचा धरून पाच झाले,” त्या म्हणाल्या. “तिकडे जायचा-यायचा प्रवास पण मोजलाय मी.”

“प्रवासात कुठं चढलो वहिनी आम्ही?”

“बागेत तरी कुठं होता?”

पुढच्या जुलैचं विचारलं, तर ती रोप लावता लावता म्हणाली की जायचं आहे, एका मोठ्या शिळेवर उजवीकडून जाणारी एक भेग राहिली आहे, ती तिला लीड करायची आहे. तो म्हणाला, आधी द्राक्षाचा भाव बघू. जाऊबाईंनी विचारलं की दोन आठवडे जाणार की तीन, कारण तीन असतील तर लसणाचेही वाफे आहेत.